मौल्यवान म्हणजे नेमके काय? एमव्हीपीच्या निवडीविषयी

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या २०१२ च्या हंगामात डेट्रॉइट टायगर्सने ८८ सामने जिंकले आणि एंजल्सने ८९. टायगर्स आपल्या विभागात पहिले आले, म्हणून प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या अंतिम फेऱ्यांत, गेले. एंजल्सच्या विभागात ओकलंड आणि टेक्सस हे दोन संघ त्यांच्याही पुढे होते, म्हणून एक सामना अधिक जिंकूनही त्यांना घरी बसावे लागले. त्या वर्षी अमेरिकन लीगच्या (देशातल्या दोन प्रमुख लीगांपैकी एक) ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ (एमव्हीपी), म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडू, या पुरस्कारासाठी टायगर्सचा मिगेल कॅब्रेरा आणि एंजल्सचा माइक ट्राउट यांच्यात जो वाद रंगला, त्यात कॅब्रेराच्या बाजूने एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा केला गेला: त्याने आपल्या संघाला प्लेऑफमध्ये नेले, ट्राउटला ते जमले नाही. हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नव्हता आणि आज तर तो साफ चुकीचा वाटतो. दोन्ही संघांची विभागांत वेगळी वाटणी झाली असती तर हाच युक्तिवाद उलट दिशेने केला गेला असता, आणि खेळाडूंच्या कामगिरीत मात्र तसूभरही फरक पडला नसता.

कॅब्रेराच्या बाजूने याहून चांगली कारणे होती, हे मान्य करायला हवे. ०.३३० ची सरासरी (यशस्वी फटक्यांचे प्रमाण), ४४ होमरन (थेट धाव पूर्ण करून देणारे, बहुधा मैदानाबाहेर जाणारे फटके) आणि १३९ आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा), अशा तिन्ही यादींत अव्वल राहून त्याने ‘ट्रिपल क्राउन’ मिळवला होता. १९६७ मधल्या कार्ल यास्ट्रझेम्स्कीनंतर हे कोणालाही साधले नव्हते. २८ पैकी २२ मतदारांनी त्याला पहिले स्थान दिले. पण आरबीआय हा आकडा फलंदाजाच्या कौशल्याइतकाच त्याच्या आधी फलंदाजीला येऊन बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांवर, पोहोचलेल्या सहकाऱ्यांवरही अवलंबून असतो. ट्राउटची सरासरी ०.३२६ होती, त्याने ३० होमरन मारले, ४९ बेस चोरले (फटक्याशिवाय धावून पुढचा बेस गाठला) आणि सेंटर फील्डसारख्या अवघड जागी उत्कृष्ट क्षेत्ररक्षण केले. संघसहकारी प्रिन्स फील्डरसाठी फर्स्ट बेस मोकळा करून देऊन कॅब्रेरा थर्ड बेसवर गेला, हा त्याचा समंजसपणा खराच. पण तिथले त्याचे क्षेत्ररक्षण साधारणच होते. ट्राउटने वाचवलेल्या धावा आणि त्याने जास्तीचे मिळवलेले बेस ‘ट्रिपल क्राउन’च्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

गोंधळाचे मूळ पुरस्काराच्या नावातच आहे. १९३१ पासून बेसबॉल लेखकांची संघटना हा पुरस्कार देते आणि मतदारांना पाठवल्या जाणाऱ्या सूचनांतच ‘मौल्यवान’ या शब्दाची ठाम व्याख्या नसल्याचे म्हटले आहे. मात्र त्याच सूचना पुढे हेही सांगतात की विजेता प्लेऑफमध्ये गेलेल्या संघातलाच असावा असे नाही, आणि निकषांत सर्वांत आधी येते ते खेळाडूचे त्याच्या संघासाठी असलेले प्रत्यक्ष मूल्य, म्हणजे त्याच्या फलंदाजीचे आणि क्षेत्ररक्षणाचे बळ. माझ्या मते मतदाराला इथेच उत्तर मिळायला हवे. मूल्य म्हणजे खेळाडूने संघाला जे दिले ते. संघाने पुढे त्याचे काय केले, याचा हिशेब त्याच्या खात्यावर मांडता येत नाही. मतदारांनी हे कधी ओळखलेच नाही असे नाही. १९८७ मध्ये आंद्रे डॉसन आणि २००३ मध्ये अॅलेक्स रॉड्रिगेझ हे दोघेही आपल्या विभागात तळाला राहिलेल्या संघांतून विजेते ठरले. उलट १९४७ मध्ये टेड विल्यम्सने ट्रिपल क्राउन मिळवूनही मतदारांनी दिलेल्या क्रमांनुसार मिळणाऱ्या गुणांत त्याला अवघ्या एका गुणाने जो डिमॅजिओच्या मागे राहावे लागले, २०१ विरुद्ध २०२. डिमॅजिओच्या यँकीजनी त्या वर्षी लीग जिंकली होती.

आता अनेक जण हा प्रश्न ‘वॉर’ या एकाच आकड्यावर सोपवतात. सहज उपलब्ध होणाऱ्या सामान्य बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्या खेळाडूने संघाला किती जास्तीचे विजय मिळवून दिले, याचा हा अंदाज. फलंदाजी, बेसवरची धाव, क्षेत्ररक्षण आणि जागेची अवघडता या सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याची ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण ट्राउटसारख्या खेळाडूला तिनेच न्याय दिला. पण तो अंदाजच आहे, हे विसरून चालत नाही. फॅनग्राफ्स आणि बेसबॉल-रेफरन्स या दोन संकेतस्थळांची सूत्रे वेगळी आहेत, आणि एकाच हंगामातल्या क्षेत्ररक्षणाचे मोजमाप तर बरेच डळमळीत असते. त्यामुळे दोन उमेदवारांत दोन-तीन विजयांचे अंतर असेल तर मी ते गंभीरपणे घेतो. अर्ध्या विजयाचे असेल तर दोघांना बरोबरीचे मानतो आणि मग इतर बाजू तपासतो.

पिचरांविषयी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांविषयी, थोडक्यात सांगतो. त्यांना स्वतंत्र साय यंग पुरस्कार असतो, म्हणून त्यांना इथे मत देऊ नये, ही भूमिका नियमांना धरून नाही; सूचनांनुसार पिचर पूर्णपणे पात्र असतात. १९९९ मध्ये पेद्रो मार्टिनेझला पहिल्या स्थानाची सर्वाधिक मते मिळूनही तो हरला, कारण दोन मतदारांनी दहा नावांच्या यादीत त्याला जागाच दिली नव्हती. २३ विजय आणि ३१३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) असलेल्या पिचरवर झालेला तो अन्याय मला आजही खटकतो.

खरी कसोटी पाहणारे वर्ष २०२५ होते. यँकीजच्या अॅरन जजने ०.३३१ च्या सरासरीने ५३ होमरन मारले. सिअॅटल मरिनर्सच्या कॅल रॅलीने ६० होमरन मारले आणि तेही कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, म्हणून, ज्या जागी गुडघे, बोटे आणि पाठ रोज पणाला लागतात. मुख्यतः कॅचर असलेल्या कोणत्याही खेळाडूने एका हंगामात इतके होमरन मारलेले नव्हते. जजला पहिल्या स्थानाची १७ मते मिळाली, रॅलीला १३. कडेवरचा चेंडू झेलताना मिट (हातमोजा) अशी स्थिर ठेवायची की पंचाने तो स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाविरुद्ध मोजला जाणारा चेंडू, ठरवावा, या कौशल्याचे मोल एक सूत्र धरते आणि दुसरे धरत नाही, आणि जिथे ते धरले जाते तिथे दोघांतले अंतर बरेच कमी होते. शिवाय पिचरांना सांभाळून घेणे आणि पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे ठरवणे, हे कॅचरचे काम कोणतेच सूत्र समाधानकारकपणे पकडत नाही.

तरीही मी जजलाच पहिले स्थान दिले असते. रॅलीची सरासरी ०.२४७ होती आणि बेसवर पोहोचण्यात जज त्याच्या फार पुढे होता. जजने १०० वेळा फलंदाजी केली तर सुमारे ४६ वेळा तो बाद न होता बेसवर पोहोचत होता, रॅली सुमारे ३६ वेळा. कॅचरच्या न मोजलेल्या कामाला मी कितीही उदारपणे वजन दिले तरी हे अंतर पूर्ण भरून निघत नाही. मरिनर्सनी विभाग जिंकला आणि यँकीजना वाइल्ड कार्डवर (विभाग न जिंकताही प्लेऑफमध्ये मिळणाऱ्या जागेवर) समाधान मानावे लागले, ही गोष्ट मी हिशेबात धरली नाही. एंजल्सच्या ८९ विजयांबाबत जे मला पटले नव्हते, ते इथे रॅलीच्या बाजूने वापरणे मला योग्य वाटत नाही.