शेंगेन व्हिसाची फाइल: आधी रात्री मोजा

मे महिन्यात युरोपला जायचं ठरलं की घरात पहिल्यांदा विमानाची तिकिटं बघायला घेतात. मी म्हणेन, आधी कागद-पेन घ्या आणि रात्री मोजा. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली अशा युरोपातल्या अनेक देशांना मिळून जो एकच व्हिसा चालतो, तो शेंगेन व्हिसा; पण अर्ज त्यातल्या एकाच देशाकडे करायचा असतो. समजा, पॅरिसला ३ रात्री, स्वित्झर्लंडला ५ आणि इटलीत ३. विमान पॅरिसला उतरणार असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे करायचा, कारण जिथे मुक्काम जास्त, व्हिसा तिथला. सगळीकडे मुक्काम सारखाच असेल, तर पहिला प्रवेश ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिसऱ्याच देशाकडे फाइल देऊ नका. हॉटेलची बुकिंगं बघितली की व्हिसा अधिकाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

अर्ज प्रवासाआधी ६ महिन्यांपर्यंत करता येतो, म्हणजे मेच्या सहलीसाठी नोव्हेंबरपासून. शेवटची मुदत १५ दिवसांची, पण तोवर थांबूच नका. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, जास्त चौकशी निघाली तर ४५ पर्यंत. तेवढा काळ पासपोर्ट सहसा वकिलातीकडेच असतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीनंतर ३ महिने चालणारा हवा आणि त्यात २ पानं कोरी हवीत.

आता नावं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. अर्जात, तिकिटात आणि विम्यात ते तसंच्या तसं उतरवा. लग्नानंतर बँक खात्यावरचं आडनाव बदललं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने राहिला, हे तर नेहमीचंच. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. अर्जात जन्मावेळच्या आडनावाचा वेगळा रकाना आहे, तोही नीट भरा.

तारखांचा घोळ मुंबईच्या रात्रीच्या विमानांमुळे होतो. घर ९ तारखेला रात्री सोडलं, विमान १० तारखेला पहाटे २ वाजता सुटलं, तर शेंगेनमधला पहिला दिवस १० तारीख. अर्जात ९, हॉटेल १० पासून आणि विमा ११ पासून अशी फाइल गेली तर शंका येणारच. अर्ज, तिकीट, हॉटेल आणि विमा हे चार कागद शेजारी-शेजारी ठेवून तारखा पेन्सिलीने टिकमार्क करत तपासा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात हवा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो बँक स्टेटमेंटला. शेवटच्या ३ ते ६ महिन्यांचं, बँकेच्या सही-शिक्क्यासह. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम ४ लाख आले आणि ते कुठून आले याचा कागदच नाही, तर ती रक्कम उसनी आणून दाखवली असंच वाटतं. एफडी मोडली असेल तर ती मोडल्याची पावती लावा. मुलाने पैसे दिले असतील तर त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा. सोबत आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र. निवृत्तांनी पेन्शनची कागदपत्रं द्यावीत. शेती असेल तर सातबारा जरूर लावा, पण तो मराठीत असतो, म्हणून इंग्रजी भाषांतरासह. परत येण्यासारखं इथे काय आहे, हे अधिकाऱ्याला या कागदांवरूनच कळणार असतं.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे १२ वर्षांवरील सगळ्यांचे घेतात आणि ते ५९ महिने चालतात. घरात लग्नकार्य असेल तर बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका, ठसे नीट उमटत नाहीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, अलीकडचा.

नकार आला तर कारणांवर खूण केलेला छापील कागद मिळतो. अपील करता येतं. पण चूक कागदांतली असेल तर ती दुरुस्त करून नवा अर्ज करणं मला जास्त बरं वाटतं. आधीचा नकार मात्र लपवू नका, नोंद त्यांच्याकडे असते.

व्हिसा आला की स्टिकर तिथेच वाचा. ‘पासून–पर्यंत’च्या तारखांमध्ये सहसा १५ दिवसांची सवड असते. ती विमान पुढे-मागे झालं तर उपयोगी पडावी म्हणून, राहण्यासाठी नव्हे. राहायचे दिवस वेगळ्या रकान्यात छापलेले असतात. तिथे १२ असेल तर १२ दिवसच, उतरल्याचा आणि निघण्याचा दिवस धरून. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. एक दिवस जास्त राहिलात तरी तो आपोआप दिसतो.