तुम्ही विचारलंत म्हणून : चॉकलेट केकमध्ये गूळ का नाही?

घरी केलेल्या चॉकलेट केकचा तुकडा कोणाच्या हाती दिला, की पहिला घास घेण्याआधी प्रश्न येतो : "यात साखर आहे की गूळ?" साखर आहे असे सांगितले, की समोरचा चेहरा किंचित उतरतो. मैदा टाळून कणीक वापरणारी, लोण्याऐवजी तेल घालणारी बाई साखरेपाशीच का अडली, हे अनेकांना कोडे वाटते.

गुळाचा केक मी काही वर्षे मोठ्या अभिमानाने करत होते. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या पंचाहत्तरीला मी कणीक आणि कोल्हापुरी गूळ घालून केक केला आणि "गुळाचाच तर आहे" असे म्हणत त्यांनी त्याचे तीन तुकडे खाल्ले. त्या रात्री ग्लुकोमीटरवर दिसलेला आकडा पाहून मी दुसऱ्या दिवशी माझी कृती वजनकाट्यावर तपासायला बसले. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात आणि तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. गुळाचा मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असतो. त्यातील लोहाचे कौतुक खरे असले, तरी केकच्या एका तुकड्यात येणाऱ्या दहा-बारा ग्रॅम गुळातून मिळणारे लोह नगण्यच म्हणायला हवे. शिवाय गूळ जिभेला साखरेपेक्षा कमी गोड लागतो म्हणून जिथे २०० ग्रॅम साखर लागली असती, तिथे मी २५० ग्रॅम गूळ घालत होते. आरोग्यासाठी केलेला माझा केक साध्या केकपेक्षा उलट जड झाला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ती ५ टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. या हिशेबात मधही साखरच धरला जातो. तेव्हापासून साखरेला पर्याय शोधणे मी सोडले आणि ती किती कमी करता येईल, एवढाच प्रश्न स्वतःला विचारू लागले.

साखर केकमध्ये केवळ गोडीसाठी नसते. ती ओलावा धरून ठेवते, ग्लुटेनला, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा आणि बांधणी देणाऱ्या प्रथिनाला, घट्ट होऊ देत नाही आणि केक मऊ राखते; त्यामुळे ती एकदम निम्म्याने कमी केली, की दुसऱ्या दिवशी केक कोरडा, पावासारखा लागतो. पाव ते एक तृतीयांश साखर मात्र बहुतेक कृतींतून सहज काढता येते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. त्याहून खाली उतरायचे असेल, तर चव आणि ओलावा दुसरीकडून आणावा लागतो. मी १५० ग्रॅम कणकेला १२० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कोको, २०० ग्रॅम दही आणि ८० मिलिलिटर तेल घेते. कोकोवर १२० मिलिलिटर उकळती, कडक कॉफी ओततात तेव्हा त्याचा वास खुलतो आणि कॉफीची स्वतःची चव पुढे येत नाही. पाव चमचा मीठ कडवटपणा दाबते आणि गोडी पुढे आणते. साखर कमी करणाऱ्याने मीठ विसरू नये. या केकचे मी बारा तुकडे करते, म्हणजे एका तुकड्यात १० ग्रॅम साखर येते.

कोको कोणता, हेही पाहावे लागते. साधा कोको आंबट प्रकृतीचा असतो आणि दह्याच्या जोडीने अर्धा चमचा सोडा फुलवतो. 'डच' पद्धतीच्या गडद कोकोवर अल्कलीची प्रक्रिया झालेली असते. तो दिसायला देखणा, पण त्या प्रक्रियेत कोकोतील फ्लॅव्हनॉल, म्हणजे आरोग्याला चांगली मानली जाणारी वनस्पतीजन्य द्रव्ये, बरीच घटतात. मी साधाच घेते आणि सोड्याबरोबर एक चमचा बेकिंग पावडर घालते.

कणकेत कोंडा असतो आणि जात्यावर दळलेले पीठ मैद्यापेक्षा अधिक पाणी पिते. म्हणून कणीक आधी दही, तेल आणि गार झालेल्या कोको-कॉफीत कालवून वीस मिनिटे ठेवावी, सोडा आणि बेकिंग पावडर शेवटी घालावी आणि केक १७० अंशांवर सुमारे पस्तीस मिनिटे भाजावा. नाचणीचा रंग चॉकलेटला शोभतो खरा, पण तिच्यात ग्लुटेन नसते. मी एकदा उत्साहाने पूर्ण नाचणीचा केक केला, तो मधोमध बसला आणि शेवटी चुरून दुधात घालून खावा लागला. आता चौथ्या हिश्श्यापलीकडे जात नाही.

खरी बचत मात्र पिठात नाही, वरच्या थरात आहे. आयसिंगमध्ये आणि बाजारातील कंपाउंड चॉकलेटमध्ये साखर अगदी मोकळ्या हाताने घातलेली असते; कंपाउंडच्या वेष्टनावरील घटकांच्या यादीत पहिले नाव बहुधा तिचेच असते आणि कोको बटरच्या जागी दुसरेच वनस्पतीजन्य स्निग्ध असते. दोन थरांमध्ये क्रीम भरलेल्या केकपुढे माझ्या गूळ-साखरेच्या वादाला फारसा अर्थ उरत नाही. मी वरून नुसता कोको भुरभुरते.

तरीही गूळच घालायचा असेल, तर जरूर घालावा, त्याच्या खमंगपणासाठी. १२० ग्रॅम चिरलेला गूळ कोमट कॉफीत विरघळवून, गाळून घ्यावा, आणि गुळात स्वतःचा ओलावा असल्याने कॉफी दोन चमचे कमी करावी. सासूबाईंना हल्ली एकच तुकडा मिळतो. तो साखरेचा आहे, हे त्यांना ठाऊक असते आणि म्हणूनच त्या दुसरा मागत नाहीत.