सोबर्सच्या गावात सुट्टीचा सोमवार

बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर २८ एप्रिलला राष्ट्रीय नायकदिनाची सुट्टी असते. २०२५ साली ती सोमवारी आली, आणि मी व सत्तरी ओलांडलेले बाबा नेमके तिथल्या राजधानीत, ब्रिजटाऊनला होतो. माझ्या डोक्यात शिवजयंती: ढोल, झेंडे, मिरवणूक. बाहेर पडून पाहते तर शटर खाली, रस्ते ओस, आणि सगळं गाव समुद्रावर. तेव्हा पाणी, फळं, औषधं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

पहिला गोंधळ हॉटेलच्या दारातच झाला. बाबांनी पक्षी बघायला जातानाची लष्करी छापाची टोपी घातली होती. काउंटरवरच्या बाई धावत आल्या. इथे तसले कपडे सैन्याखेरीज कुणीच घालायचे नाहीत, कायदाच आहे. लहान मुलांनाही सूट नाही. बाबा दिवसभर डोक्याला रुमाल बांधून फिरले.

२८ एप्रिल हा बार्बाडोसचे नेते ग्रँटली ॲडम्स यांचा जन्मदिवस. १९९८ मध्ये दहा जणांना राष्ट्रीय नायक ठरवलं गेलं. २०२१ मध्ये देश प्रजासत्ताक झाला तेव्हा गायिका रिहाना अकरावी झाली. बाबांना यादीतलं एकच नाव ठाऊक होतं, क्रिकेटपटू गॅरी सोबर्स, आणि तेवढं त्यांना पुरलं. "जिवंत माणसाला नायक करतात? आपल्याकडे आधी फोटोला हार लागतो."

सुरुवात नॅशनल हिरोज स्क्वेअरपासून करा. १९९९ पर्यंत हा ट्रफाल्गर स्क्वेअर होता. इथे १८१३ पासून इंग्रज नौसेनापती नेल्सनचा पुतळा उभा होता, म्हणजे लंडनच्या खांबावरच्या नेल्सनच्याही आधीपासून. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला उतरवला. समोरच्या संसदेत नायकांचं दालन आहे, पण ते कामाच्या दिवसासाठी ठेवा. पूल ओलांडला की इंडिपेंडन्स स्क्वेअरमध्ये पहिले पंतप्रधान एरल बॅरो पुतळ्याच्या रूपात भेटतात.

या दिवशी चुकवू नये असा मात्र नायकांच्या यादीतल्या बुसाचा पुतळा. तो हॅगॅट हॉलच्या चौकात, वाहतुकीच्या बेटावर आहे. एरवी चारी बाजूंनी गाड्या असतात. सुट्टीमुळे आम्हाला रस्ता ओलांडून पार जवळ जाता आलं. उघडा माणूस, चेहरा आभाळाकडे, दोन्ही मनगटांतून तुटक्या साखळ्या लोंबतायत. शिल्पकार कार्ल ब्रूडहेगन यांनी १९८५ मध्ये हे शिल्प गुलामांच्या मुक्तीचं म्हणून घडवलं. लोकांनी त्याला बुसा करून टाकलं. १८१६ च्या ईस्टरला उसाच्या मळ्यांतल्या गुलामांनी उठाव केला, त्याचा हा पुढारी. लढतानाच मारला गेला. सावली अजिबात नाही, सकाळी लवकर जा.

जेवणात मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, यात मांस नसतं, पण बरेचदा अंडं असतं. राइस अँड पीज मागण्याआधी मात्र विचारा, त्यात बरेचदा खारवलेलं डुकराचं मांस असतं. मासे खाणाऱ्यांनी पावात दोन फिशकेक घालून देतात ते खावं.

दुपारी केन्सिंग्टन ओव्हल, इथलं क्रिकेटचं मैदान. बाहेर सोबर्सचा पुतळा आहे. माझ्यासाठी हे २०२४ च्या विश्वचषकाचं, सूर्यकुमारच्या झेलाचं मैदान. बाबांसाठी १९९७ चं, १२० धावा हव्या असताना भारत ८१ वर गारद झाला ते. आणि त्याही आधी, मार्च १९६२ चं: इथेच वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला आणि जीव वाचवायला रक्त लागलं. संघातल्या बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे यांनी दिलं, आणि विंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलनेही. वॉरेल राष्ट्रीय नायकांच्या यादीत नाही, हे बाबांना काही केल्या पटेना. तो पाच डॉलरच्या नोटेवर आहे, एवढं सांगून मी समजूत घातली.

आता बसचं. निळ्या सरकारी, पिवळ्या खासगी, आणि पांढऱ्या, मरून पट्ट्याच्या झेडआर व्हॅन (नंबरप्लेटवरच्या ZR अक्षरांवरून). आम्ही गेलो तेव्हा भाडं साडेतीन स्थानिक डॉलर होतं. दोन स्थानिक म्हणजे एक अमेरिकी, हा दर ठरलेला आहे. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्याही कमी. विमान लंडन किंवा अमेरिकेमार्गे असेल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. १ मेलाही इथे सुट्टी असते, कामगारदिनाची.

परतताना आमच्याकडचे सुटे संपले होते. बाबांच्या खिशात वॉरेलची एक नोट होती. ती त्यांनी मोडू दिली नाही. आम्ही हॉटेलपर्यंत चालत गेलो.