रेघ दिसली की थांबवायचं

2019 च्या ऑगस्टात आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी कुठून कुठे आलं हे सांगत बसत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती आणि महामार्ग शिरोलीजवळ जवळपास आठवडाभर बंद होता, एवढं सांगितलं तरी इकडच्या माणसाला पुरे. मी वायरमन. दुकान जयसिंगपुरात. पाणी उतरायला लागल्यावर जो तो माझी मोटर बघा, माझं बोर्ड बघा म्हणून मागे लागला होता. त्यातच चौदा तारखेला सकाळी सातला माळावरच्या एका गोठ्यातून फोन आला. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आणि राखी एकाच दिवशी होती, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे.

गोठा उंचावर, त्यामुळे जनावरं वाचलेली. अडतीस गायी, बहुतेक होल्स्टीन (एचएफ), आणि सात-आठ म्हशी. पण लाइट गेली ती दहा दिवस नव्हतीच. मिल्किंग मशीन बंद, दुधाचा कूलर बंद, बोअर बंद. सहा माणसं पहाटे तीनपासून हाताने धारा काढत होती आणि तरी सगळं आटोपत नव्हतं. दोन गायींच्या कासा दगडासारख्या झालेल्या. दूध काही दिवस छावणीत वाटलं, काही दिवस ओघळीला सोडलं. थोरल्या सुनेने हे सांगताना तोंड फिरवलं.

घरात तिघे भाऊ, वर आबा. मधल्या भावाने उसाच्या पट्ट्यातल्या एका ओळखीच्याकडून ट्रॅक्टरवर चालणारा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं मशीन, उचलून आणला होता. 15 केव्हीएचा, चॅनेलच्या फ्रेमवर बसवलेला. फ्रेमच्या एका अंगाला प्लमर ब्लॉकवर (बेअरिंगच्या ठोकळ्यांवर) मधला शाफ्ट, त्यावर 14 इंची पुली, तिथून व्ही-बेल्ट अल्टरनेटरच्या 5 इंची पुलीवर. बनवणाऱ्याचं गणित बरोबर होतं. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरला की 14 भागिले 5 म्हणजे 2.8 पट, आणि अल्टरनेटर 1512 वर. चार पोलच्या मशीनला 50 हर्ट्झसाठी 1500 लागतात, बेल्ट थोडा घसरतो ते धरून ठीकच. 50 एचपीचा ट्रॅक्टर दारात होता. पूर्ण लोडला वीस-एक एचपी खाल्ली असती. ताकदीचा प्रश्नच नव्हता.

"मिस्त्री, तासाभराचं काम हाय," मधला म्हणाला. "रोटाव्हेटरचा शाफ्ट लावला, दोन वायरी मीटरखाली दिल्या, झालं."

मी म्हटलं, बघू.

आधी अल्टरनेटरला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. दहा दिवसांची ओल होती, पण वाइंडिंग एक मेगओहमच्या वर दाखवत होतं, म्हणजे चालवायला हरकत नव्हती. मग मी मीटर बोर्डकडे गेलो. तिथे कटआउट उघडून बघतोय तोवर मागे ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. मधल्याला दम नव्हता. फ्रेम अंगणातच होती, खाली चार दगड टेकवलेले, एका बाजूला मुरमाची पोती. वायर कुठेच जोडलेली नव्हती, त्यामुळे मला वाटलं, रिकामं फिरवून बघतोय, बघू दे. तिथे मी चुकलो.

दोनेक मिनिटांनी आवाज बदलला. घरघर नव्हे, धडधड, ठेका धरल्यासारखी. बघतो तर फ्रेम चालत होती. एका दगडावरून उतरून ती इंचाइंचाने ट्रॅक्टरपासून लांब सरकत होती. आणि आबा, धोतर, खांद्यावर पंचा, हात मागे बांधून त्या शाफ्टपासून दीड हातावर वाकून बघत उभे.

त्या क्षणी नजर गेली ती शाफ्टच्या मधल्या भागावर. पीटीओपासून फ्रेमपर्यंत लावलेला हा रोटाव्हेटरचा शाफ्ट म्हणजे चौकोनी नळीत चौकोनी दांडा, लांबी कमी-जास्त होते ती तिथे. नळीबाहेरच्या दांड्यावर धूळ आणि वाळलेला चिखल असतो, आणि नळीच्या आत राहतो तेवढा भाग ग्रीसने चकचकीत. फिरताना तो चकचकीत पट्टा दिसत होता. आधी दोन बोटं असावा, मी पोहोचेपर्यंत चार बोटं झाला. फ्रेम मागे सरकत होती तसा दांडा नळीतून निसटत होता. आत निदान एकतृतीयांश लांबी तरी राहिली पाहिजे. तो पूर्ण सुटला असता तर सेकंदाला नऊ फेरे घेणारं ते लोखंड एका टोकाला धरलेल्या लाठीसारखं फिरलं असतं, आणि समोर आबा होते.

मी आबांकडे ओरडत गेलो नाही. माणूस दचकला की पुढे पडतो. ट्रॅक्टरकडे धावलो आणि डिझेल बंद करायची तार ओढली. शाफ्ट थांबायला चार-पाच सेकंद लागले. आबा म्हणाले, "का रं बंद केलास? चांगलं फिरत हुतं की."

धाकटा मात्र पांढरा पडला होता. त्याने सगळं बघितलं होतं.

मग शाफ्ट काढला. दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे काटे असतात, ते एका रेषेत पाहिजेत. इकडचा काटा आडवा असेल तर तिकडचाही आडवा. मधल्याने शाफ्ट आखूड करायला नळी-दांडा वेगळे केले आणि परत घालताना चौकोन एक घर फिरवून घातला. दांडा चारही बाजूंनी बसतो, म्हणून कळत नाही. दोन काटे काटकोनात आले. जॉइंटला कोन असला की शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे-मागे हिसके देतो. काटे एका रेषेत असले तर एका टोकाचा हिसका दुसरं टोक मोडून काढतं, काटकोनात असले तर दोन्ही हिसके मिळून दुप्पट होतात. त्यात ट्रॅक्टरचा पीटीओ उंच, फ्रेम खाली जमिनीवर, म्हणजे कोनही मोठा. दगडांवर ठेवलेली फ्रेम चालणार नाही तर काय?

बसवायची कुठे हा पुढचा प्रश्न. नवीन कॉंक्रीट भरायला सिमेंट नव्हतं आणि ते धरायला दिवस नव्हते. ड्रिल चालवायला लाइट नव्हती, तीच आणायला तर आलो होतो. मला गोठ्याच्या कडेचा कडबाकुट्टीचा ओटा दिसला. फूटभर उंच, चांगला मुरलेला, आणि त्यात चार फाउंडेशन बोल्ट. कुट्टी उतरवली. फ्रेमची भोकं बोल्टांना जुळत नव्हती, इंचभराचा फरक. मग अँगलचे चार तुकडे हॅकसॉने कापले. एक बाजू चॅनेलच्या पायावर, दुसरी बोल्टवर, वरून वायसर आणि डबल नट. घट्ट केल्यावर मधल्याला म्हटलं, पहार लावून हलवून दाखव. हलली नाही. ओटा उंच असल्याने शाफ्ट जवळजवळ सरळ रेषेत आला, ही वरकमाई.

पुली हलल्या असतील म्हणून दोन्ही पुलींच्या तोंडावर ओळंब्याची दोरी ताणून धरली. चार ठिकाणी दोरी टेकली पाहिजे, तीन ठिकाणी टेकली. अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून केसभर सरकवला. बेल्टचा ताण अंगठ्याने बघतो मी, मधोमध दाबल्यावर अर्धा इंच.

ट्रॅक्टर जागेवर लावून हँडब्रेक ओढला, मोठ्या चाकांना पुढून-मागून ओंडके दिले, लिफ्टच्या खालच्या दोन्ही दांड्या वर करून बांधल्या, नाहीतर त्याच शाफ्टला लागतात. ट्रॉलीची साखळी ट्रॅक्टरच्या हुकातून फ्रेमला घातली, म्हणजे अंतर वाढायचं म्हटलं तरी वाढणार नाही.

शाफ्टचं प्लॅस्टिकचं कव्हर कधीच तुटून गेलं होतं. सगळ्यांच्या रोटाव्हेटरचं तेच असतं, रानात कोण विचारतंय. पण इथे बायका शेणाची पाटी घेऊन शेजारून जाणार, पदर, पंचा, सगळं. निळा दोनशे लिटरचा ड्रम उभा चिरला आणि अर्धा भाग शाफ्टवर पालथा, बोगद्यासारखा, पट्ट्यांनी फ्रेमला आवळला. बेल्टवर जुना पत्रा.

यात दुपारचे दोन वाजले. मधला आता काही बोलत नव्हता, सांगेल ते करत होता. तेवढ्यात वायरींचा विषय निघाला.

"मीटरखालीच द्या मिस्त्री. लाइट तर न्हायच, काय हुणार हाय?"

गोठ्यापासून दीडेकशे मीटरवर डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तिच्यापलीकडच्या खांबांवर माणसं चढलेली दिसत होती. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेली गँग, तीन दिवस अंगावरच्या त्याच कपड्यांत. मी त्याला बोर्डापाशी उभा केला आणि बोट दाखवलं. डीपी 11 हजार व्होल्टचे 433 करते. तू खालून चारशे दिलेस की तीच डीपी उलटी चालते आणि वर 11 हजार होतात. जनरेटर लोडने दबेल, बंद पडेल, सगळं खरं. पण त्याआधी वरच्या माणसाचा हात तारेवर असला तर?

माझ्याकडे दुकानात 63 अँपिअरचा चार पोलचा चेंजओव्हर स्विच होता. चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. एक बाजू लाइन, एक बाजू जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत, दांडाच एक आहे. अल्टरनेटरचा न्यूट्रल अर्थ केला, बॉडीला दोन वेगळ्या पट्ट्या दोन वेगळ्या जागी. पुराने जमीन अशी भिजली होती की अर्थिंग तिला लगेच लागली, तेवढा एक उपकार. मिल्किंगच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरची ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारं स्विच) टाकली. माणसाला जाणवणार नाही इतक्या थोड्या व्होल्टला गाय पाय झाडते, पान्हा चोरते. चार पाय ओल्या फरशीवर, तिला चपला कुठे?

लोड देण्याआधी त्या खांबांपाशी चालत गेलो. सांगावंसं वाटलं, की जनरेटर लावतोय, चेंजओव्हर आहे. गँगचा प्रमुख पन्नाशीचा असेल. त्याने डिस्चार्ज रॉडची, म्हणजे तार जमिनीला जोडणारी, साखळी दाखवली. "आमी हे टाकल्याबिगर मेलेल्या तारंला पन हात लावत नाही, भाऊ. गावात कोनाच्या घरी काय चालू असंल कोनाला माहीत." मग म्हणाला, तरी येऊन बघतो. आला, चहा घेतला, चेंजओव्हरचा दांडा स्वतः दोनदा वर-खाली केला, लाइनच्या बाजूला टेस्टर लावून बघितला आणि मान हलवून गेला.

साडेचारला सुरू केलं. हँड थ्रॉटल हळूहळू वर. मधला व्होल्टमीटरकडे बघत ओरडला, "चारशे दहा! बास!" व्होल्ट बरोबर होते, पण मल्टीमीटरवर 44 हर्ट्झ. एव्हीआर व्होल्ट सावरून धरतो, त्यामुळे फेरे कमी असले तरी काटा जागेवर दिसतो आणि मोटरी मुकाट्याने तापत राहतात. रिकामा 52 वर ठेवला, लोडने तो 50 वर आला. ती थ्रॉटलची जागा खिळ्याने ओरखडून ठेवली.

बोअरची 5 एचपी मोटर सगळ्यांत आधी, एकटी. चालताना ती साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना सहापट, म्हणजे 45. अल्टरनेटरची ऐपत 21. ट्रॅक्टर एकदम खाली बसल्यासारखा गुरगुरला, बल्ब लाल झाले, परत उजळले. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तसा धाकट्याने पळत जाऊन हात खाली धरला. टाकी भरल्यावर बोअर बंद करून कूलर, मग व्हॅक्यूम पंप. फेज उलटे नाहीत ना हे पंपाच्या बाणावरून बघून घेतलं. साडेसहाला धारा सुरू झाल्या. मशीनचा तो टुकटुक आवाज दहा दिवसांनी ऐकून पहिली गाय मान वळवून बघत होती.

एक गोष्ट राहिली होती. ट्रॅक्टर त्यांना दिवसा गाळ ओढायला लागणार, म्हणजे शाफ्ट रोज काढणार, रोज लावणार, आणि मी नसणार. धाकट्या वैनीकडून नेलपॉलिश मागितलं. लाल. दोन्ही काट्यांवर एकेक ठिपका, ठिपक्यासमोर ठिपका आला पाहिजे. आणि दांड्यावर एक आडवी रेघ, आत्ता नळीच्या तोंडात बरोबर लपेल अशी. मधल्याला म्हटलं, चालवायच्या आधी आणि मध्ये-मध्ये थांबवून बघायचं. रेघ बाहेर दिसली की चालवायचं नाही, मग गायी हंबरू देत. त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर आबाच खेकसले, "एवढं कळत न्हाय व्हय रं?" आबांना सकाळचं कुणीतरी सांगितलं असावं. ते आता ड्रमच्या बोगद्यापासून चांगले सहा हात लांब बसले होते.

दिवाळीनंतर बिलाचे राहिलेले पैसे घ्यायला गेलो. लाइट केव्हाच आली होती, तरी भारनियमनात सेट चालत होता. चेंजओव्हर जागेवर, ठिपके जागेवर, रेघ थोडी विटलेली पण दिसत होती. ड्रम मात्र नव्हता. निळा अर्धा ड्रम दावणीत एका कालवडीपुढे होता, पेंड खायला. मी काही न बोलता तो उचलला, पेंड सांडली. आबांनी आतल्या सुनेला हाक मारली, "अगं, हिला दुसरं भांडं बघ, आन् पट्ट्या कुठं टाकल्यात त्या बघ."