कव्हरमागची पेन्सिल

गुरुवारी लंडनमध्ये आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहरची गिटार विकली गेली आणि शनिवारी आमच्या दुकानात जत्रा भरली.

मी आयर्लंडमध्ये, कॉर्कला, जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काम करते. मूळची मिरजेची. शिकायला आले, शिक्षण संपलं, आणि हातखर्चाला म्हणून धरलेलं शनिवारचं काम आठवडाभराचं झालं. आई शेजारीपाजारी 'ती म्युझिकमध्ये आहे' असं सांगते. खोटं म्हणता येणार नाही.

गिटारीबद्दल आधी सांगते, म्हणजे त्या दिवशीचा गोंधळ कळेल. १९६१ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. १९६३ साली पंधरा वर्षांच्या रोरीने ती याच गावातल्या क्राउलींच्या दुकानातून हप्त्यांवर घेतली. किंमत शंभर पौंडांना जरा कमी. पुढे बत्तीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, ती त्याच्याजवळ होती. घामाने तिचा रंग इतका उडाला की रंगापेक्षा उघडं लाकूड जास्त दिसतं. १७ ऑक्टोबर २०२४ ला तिच्यावर सात लाख पौंडांना हातोडा पडला, आणि वरचे आकार धरून आकडा नऊ लाखांच्या जवळ गेला. घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली म्हणून गावाचा जीव भांड्यात पडला. पण तोवर माळ्यावरची खोकी खाली उतरली होती.

सकाळपासून फोन. "आमच्याकडे रोरीची एलपी आहे, किती येतील?" इथे वाक्याच्या शेवटी 'लाईक' लावायची पद्धत आहे, आपल्याकडे सांगली-मिरजेला 'की' लावतात तशी. "पन्नास वर्षांपूर्वीची आहे, लाईक." गिटार एकच होती आणि एलपी हजारोंनी छापल्या, हे मी दुपारपर्यंत इतक्यांदा सांगितलं की शेवटी माझ्याही बोलण्यात 'लाईक' आलं. मालक लिमरिकला एक संग्रह बघायला गेले होते. दुकानात मी एकटी.

साडेबाराच्या सुमारास एक आजी आल्या. भाजी आणायची चाकांची पिशवी असते ना, ती ओढत. पिशवीत अकरा एलपी, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या.

"नवऱ्याच्या आहेत. मार्चमध्ये गेला," त्या म्हणाल्या. "गिटारीचं ऐकून आणल्या नाहीत हं मी. आज बस या बाजूला येत होती."

मी चाळल्या. सगळ्या रोरीच्या, आणि सगळ्या स्टुडिओतल्या. एकही सुटलेली नाही. १९७१ च्या दोन, १९७३ च्या दोन, या चार पोलिडोर कंपनीच्या लाल लेबलच्या. 'अगेन्स्ट द ग्रेन'पासून पुढच्या पाच क्रिसॅलिसच्या. शेवटच्या दोन, १९८७ ची 'डिफेंडर' आणि १९९० ची 'फ्रेश एव्हिडन्स', त्याच्या स्वतःच्या कापो लेबलच्या. 'डिफेंडर'बरोबर तेव्हा एक छोटी तबकडी फुकट मिळायची, तीही कव्हरात जागच्या जागी. बहुतेक प्रतींतून ती कधीच हरवलेली असते. आयुष्यभर सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची सुटी तबकडी, काढायला नकार देणाऱ्या माणसाच्या रेकॉर्डबरोबर फुकट सिंगल, ही गंमत मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात.

पण एकही लाइव्ह नाही. हे विचित्र होतं. कारण कॉर्कमध्ये कुणालाही विचारा, रोरी ऐकावा तो लाइव्ह. 'लाइव्ह इन युरोप' आणि 'आयरिश टूर' हे खरे, स्टुडिओतले म्हणजे तालीम. मालकांचं हेच मत, त्यांच्या मित्रांचंही, आणि ऐकून ऐकून माझंही झालेलं. (इथले पुरुष हे मत ज्या जोरात सांगतात, त्या जोरात आमच्याकडे कोल्हापुरी मिसळ आणि पुणेरी मिसळीचा वाद चालतो.)

"लाइव्ह नाही आणल्या?"

"लाइव्ह कशाला?" आजी म्हणाल्या. "तो तिथेच होता की."

१९७४ च्या जानेवारीत रोरी कॉर्कच्या सिटी हॉलमध्ये वाजला, 'आयरिश टूर'मध्ये ते रेकॉर्डिंगही आहे. आजोबा तिथे होते. तेव्हा विषय संपला. चार वाजता किंमत सांगते म्हटलं, आणि आजी बाजाराकडे निघून गेल्या.

आमचं ग्रेडिंग, म्हणजे जुन्या रेकॉर्डची प्रत ठरवणं, काही जादू नाही. तबकडी दिव्याखाली तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवायची. सरळ बघितलं तर काळं पाणी दिसतं, तिरकं बघितलं की सगळं चरित्र. मधल्या भोकाभोवती बारीक रेघोट्या असतील तर माणूस धसमुसळा, अंदाजाने ठेवायचा. खाचा करड्या पडल्या असतील तर सुई झिजलेली होती. मग कव्हर. कव्हरवर पेनने नाव लिहिलेलं असेल तर किंमत उतरते. पेन्सिलीचं असेल तर मऊ खोडरबरने पुसायचं, हा दुकानाचा नियम.

पहिली एलपी हातात घेतली, त्याच्या नावाचीच, १९७१ ची. मागे कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिलं होतं. अक्षरं, आकडे. दुकानदारांचे जुने भाव असे सांकेतिक लिहिलेले असतात, तसंच समजून मी पुसून टाकलं. कव्हर गुळगुळीत, एका मिनिटात साफ.

दुसरी 'ड्यूस'. तीही १९७१ चीच. लंडनच्या डॉल्स्टन भागातल्या एका छोट्या स्टुडिओत, कार्यक्रमांच्या आगेमागे जाऊन रेकॉर्ड केलेली, म्हणजे अंगातली गरमी तशीच तबकडीत उतरावी म्हणून. तिच्या मागेही पेन्सिल. रबर उचललं आणि आधी तबकडी तरी बघू म्हणून खाली ठेवलं. ते ठेवलं म्हणून बरं.

दिव्याखाली तबकडी अजब दिसत होती. एकंदर स्वच्छ, पण दोन-तीन गाण्यांच्या सुरुवातीला, जिथे गुळगुळीत पट्टा संपून खाचा सुरू होतात, तिथे टाचणीने टोचल्यासारखे ठिपके. असंख्य. बाकी गाण्यांना काहीच नाही. 'टॅटू' काढली, तर दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला, 'अ मिलियन माइल्स अवे'ला, सुरुवातीला ठिपके आणि मध्येही ठिपके. सुई उचलून पुन्हा पुन्हा त्याच जागी टाकली की असं होतं. कुणी गाणं ऐकत असेल तर असं करत नाही. गाणं घेत असेल तर करतो.

माझे मामा मिरजेत सतारी दुरुस्त करतात. लहानपणी मी त्यांच्या दुकानात बसायची, आणि तिथे येणारी पोरं कॅसेट मागे-पुढे करून एकच तान वीस-वीस वेळा ऐकायची. बटणाचा टक-टक आवाज अजून कानात आहे. हे तेच होतं, सुईने केलेलं.

मग मी सगळी कव्हरं उलटी मांडली. पाचवीच्या मागे, म्हणजे १९७५ च्या 'अगेन्स्ट द ग्रेन'च्या, लिहिलं होतं: ओ, ओ, टी, डब्ल्यू, पी. पुढे आडवी रेघ. मग डी, ए, डी, जी, ए, डी.

दुसऱ्या बाजूला शेवटून दुसरं गाणं आहे 'आउट ऑन द वेस्टर्न प्लेन'. लेडबेलीचं जुनं गाणं, रोरीने एकट्याने साध्या गिटारीवर वाजवलेलं. त्याची आद्याक्षरं. आणि पुढचं म्हणजे गिटारीच्या सहा तारा कशा लावायच्या ते.

नेहमीची गिटार अशी लावत नाहीत. मला गिटार येत नाही, पण लावणं कळतं. डीला षड्ज धरा. सा, प, सा, म, प, सा. मी दुकानात उभी राहून मोठ्याने म्हटलं. एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. कुठल्याशा अमेरिकन कुरणातलं गाणं, आयरिश माणसाने वाजवलेलं, आणि त्याच्या तारा लावल्यात मामांच्या दुकानात भिंतीवर टांगलेलं वाद्य लावावं तशा. एलपी लावली. आता ऐकताना खालचा सा सारखा घुमत राहतो, तानपुऱ्यासारखा नाही, तो फार शांत असतो, पण घुमतो. याआधी हे गाणं मी दुकानात शंभरदा तरी ऐकलं असेल. तालीम म्हणून.

आजोबांनी लाइव्ह एलपी का घेतल्या नाहीत हे मला तेव्हा कळलं, निदान मला तसं वाटलं. स्टेजवर रोरी एक गाणं दोनदा सारखं वाजवायचा नाही. एकदा पाच मिनिटं, एकदा बारा. ते बघायला जायचं, त्यातून शिकता येत नाही. स्टुडिओतलं गाणं मात्र सुई टाकाल तिथे तसंच्या तसं सापडतं. मारव्याची मैफल वेगळी आणि गुरुजींनी वहीत लिहून दिलेली बंदिश वेगळी. वहीला कुणी तालीम म्हणून नाक मुरडत नाही.

आणि मी पहिल्या वहीचं पान पुसून बसले होते.

कव्हर दिव्याखाली तिरकं धरलं. पेन्सिलीचं शिसं गेलं होतं, पण माणूस दाबून लिहिणारा होता. पुठ्ठ्यावर वळ राहिले होते. अर्धा तास घालवून एका चिठ्ठीवर उतरवून काढलं. चार ओळींपैकी तीन लागल्या. चौथी माझ्याच रबराने घासून गेली.

मधल्या काळात गिऱ्हाइकं येत होती, मी पैसे घेत होते, आणि एकेक एलपी वाजत होती. 'कॉलिंग कार्ड', जिच्यासाठी डीप पर्पल बँडच्या रॉजर ग्लोव्हरने निर्मितीत हात घातला. मग 'फोटो-फिनिश'. हिच्या आधी सॅन फ्रान्सिस्कोत एक अख्खी एलपी रेकॉर्ड करून झाली होती, आणि मनासारखी उतरली नाही म्हणून रोरीने ती टाकून दिली. बँडही मोडला, फक्त गेरी मॅकअव्हॉयला बेसवर ठेवलं, आणि जर्मनीत कोलोनजवळ जाऊन सगळं नव्याने केलं. टाकलेलं रेकॉर्डिंग २०११ मध्ये, तो गेल्यावर सोळा वर्षांनी, बाहेर आलं. स्टुडिओची पर्वा नसलेला माणूस असं करत नाही, हे आता मी मालकांना ऐकवते.

मग १९७९ ची 'टॉप प्रायॉरिटी' लावली आणि दुसऱ्या गाण्याला माझ्या हातातला ब्रश थांबला. जवारी! गिटारीच्या आवाजात चक्क जवारी, सतारीची ती झणझण. गाणं 'फिल्बी', किम फिल्बी नावाच्या ब्रिटिश गुप्तहेरावर, जो सोव्हिएत रशियाला फितूर होता. आणि त्यात इलेक्ट्रिक सतार आहे, 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडकडून मागून आणलेली. दिसायला ती गिटारच, भोपळा नाही, काही नाही, पण घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, चपटी केलेली असते, म्हणून तार झणझणते. कव्हरमागे आजोबांनी या गाण्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. दोन प्रश्नचिन्हं. बिचाऱ्याने सहा तारांवर तो आवाज किती शोधला असेल.

१९८२ च्या 'जिंक्स'वर तीन ओळी. १९८७ आणि १९९० च्या कव्हरांवर काही नाही. तबकड्याही कोऱ्यासारख्या, ऐकलेल्या पण न टोचलेल्या.

चार वाजता आजी आल्या. मी चुकीची कबुली आधीच देऊन टाकली, चिठ्ठी पुढे केली आणि सगळं सांगितलं, ठिपके, तारा, वळ. म्हटलं, हे बघून तुम्हाला विकाव्याशा वाटल्या नाहीत तर घेऊन जा, आमची काही हरकत नाही.

आजींनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मग हसायला लागल्या.

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं रात्रपाळी करून आला की स्वयंपाकघरात बसून हेच. एक गाणं धड आलं नाही त्याला."

"मग सोडलं का?"

"१९८३ ला टायरचा कारखाना बंद पडला. गिटार विकली." त्यांनी चष्मा काढला. "त्या वर्षी कोण काय काय विकत होतं. किती देतेस?"

अकरा मिळून दीडशे युरो होत होते. पेन्सिलीचे मी कापले नाहीत. मालकांना नंतर सांगितलं, ते चालेल म्हणाले. आजींनी नोटा मोजल्या, टॉवेलची घडी घालून पिशवीत ठेवली. चिठ्ठी ठेवू का तुमच्याकडे, विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय करायची? तुला वाचता येते, तू ठेव."

दुसऱ्या दिवशी रविवार. मिरजेला संध्याकाळ व्हायच्या आत मामांना फोन लावला आणि 'फिल्बी' ऐकवलं. मामा नेहमीप्रमाणे पूर्ण गाणं एक शब्द न बोलता ऐकत राहिले. मग म्हणाले, "वाजवतोय तयार. पण जवारी फार उघडी ठेवलीया. घोडी जरा घासून घे म्हणावं."

म्हटलं, मामा, तो गेला. १९९५ लाच.

"मग ज्याची सतार होती त्याला सांग," मामा म्हणाले.