प्ले-ऑफ: आख्खा सीझन एका मॅचवर

१२ मे २०१३ ची वॉटफर्ड-लेस्टर फुटबॉल मॅच ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आधी तिचे हायलाइट्स बघा, मग पुढे वाचा. इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनची, म्हणजे चॅम्पियनशिपची सेमीफायनल. पहिले दोन थेट वरच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये गेलेले, तिसऱ्या ते सहाव्या नंबरच्या टीम उरलेल्या एका जागेसाठी भांडतायत. इंज्युरी टाइममध्ये लेस्टरला पेनल्टी मिळते, नॉकार्ट मारतो, वॉटफर्डचा गोलकीपर अल्मुनिया पायाने अडवतो, रिबाउंडही अडवतो आणि बॉल थेट दुसऱ्या टोकाला जातो, हेडरने खाली येतो आणि वॉटफर्डचा डीनी गोल ठोकतो! वीसेक सेकंदांत सगळं उलटंपालटं. आजही बघताना अंगावर काटा येतो.

पण तिसऱ्या आलेल्या वॉटफर्डच्या हाती शेवटी काय लागलं? वेम्बलीच्या फायनलमध्ये पाचव्या नंबरच्या क्रिस्टल पॅलेसने त्यांना एक्स्ट्रा टाइममध्ये १-० हरवलं. मला हे मनापासून खटकतं. सीझनभर वर राहिलेल्याला काहीतरी फायदा मिळायलाच हवा. इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, सेरी बी मध्ये, सेमीफायनलचे दोन्ही लेग (म्हणजे दोन्ही मॅच) मिळून बरोबरी झाली तर वरच्या नंबरची टीम पुढे जाते, हे बरं वाटतं.

जर्मनीत तर वेगळंच, तिथे बुंडेसलिगातली, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमधली १६वी टीम वरची जागा टिकवायला खालच्या लीगमधल्या तिसऱ्या टीमशी दोन मॅच खेळते. हॅम्बुर्ग २०१४ आणि २०१५ मध्ये असंच वाचलं, दुसऱ्यांदा तर कार्ल्सरूहेविरुद्ध ९० मिनिटं उलटून गेल्यावर डियाझच्या फ्री किकने बरोबरी साधली आणि मग एक्स्ट्रा टाइममध्ये जिंकून. २०१८ ला मात्र १७वे आले आणि थेट खाली, प्ले-ऑफसुद्धा नशिबी नाही.