भिशीचे चाळीस हजार आणि तोंडातल्या दोन रिकाम्या जागा

निपाणीकडची माय-लेकं एकत्रच माझ्या दातांच्या दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) आई विड्या वळणारी, चव्वेचाळिशीतली. मुलगा सोळा वर्षांचा, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. चार महिन्यांपूर्वी कबड्डीत कोपर लागून त्याचा वरचा पुढचा डावा दात मुळासकट पडला होता. आईची खालची डावी पहिली दाढ काढून दोन वर्षं झाली होती. भिशी उचलून चाळीस हजार हातात आले होते, आणि मुलाच्या दाताला इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर बसवायच्या दाताचा, ३८,००० रुपयांचा आकडा दुसरीकडे आधीच सांगितलेला होता.

"डाक्टर, ह्याच्या दातावरच समदं घाला. माझ्या दाढंला कोण बघतंय?"

हिशेब सरळ वाटत होता. तोंडं तपासल्यावर तो पार उलटा झाला.

मुलाचा पडलेला दात त्या दिवशी रुमालात गुंडाळून संध्याकाळपर्यंत खिशात होता. तिथंच तो गेला. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभराच्या वर सहसा टिकत नाहीत. कायमचा दात पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा तर नाहीच. माती असेल तर दुधात किंवा पाण्यात क्षणभर विसळून जागच्या जागी बसवायचा आणि स्वच्छ कापड चावून धरत दवाखाना गाठायचा. बसवणं जमलं नाही तर दुधात ठेवून आणायचा. अर्ध्या तासात आला तर वाचण्याची आशा चांगली. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, त्याच्या मुळाशी हाडात तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते.

आता त्या जागी इम्प्लांट का नको, हे त्या माउलीला पटवणं अवघड होतं, कारण महाग ते चांगलं हे आपल्याकडं ठरलेलंच. सोळाव्या वर्षी मुलाचा जबडा वाढत असतो. खरे दात हाडाबरोबर खाली सरकत राहतात. टायटॅनियमचा स्क्रू हाडाला थेट जुळतो, त्यामुळे तो आहे तिथंच राहतो. चार-पाच वर्षांत शेजारचे दात खाली आणि हा वर, हिरडीची रेषही वाकडी, असं दिसू शकतं. आणि हाडाला घट्ट जुळलेला इम्प्लांट काढायचा म्हणजे हाडही जातं. मुलांमध्ये निदान विशीपर्यंत थांबावं, हे माझं ठाम मत.

त्याऐवजी चिकटवायचा एकपंखी ब्रिज सुचवला. ब्रिज म्हणजे शेजारच्या दाताच्या आधारानं बसवलेला नकली दात. झिर्कोनिया या पांढऱ्या, टणक सिरॅमिकचा एक दात आणि त्याला मागच्या बाजूनं पातळ पंख. हा पंख शेजारच्या पुढच्या दाताच्या टाळूकडच्या पृष्ठभागावर चिकटतो. दात जवळजवळ घासावा लागत नाही. दोन्हीकडं पंख द्यायचा मोह होतो, पण दोन दात चावताना वेगवेगळे हलतात. मग एक पंख सुटतो, दुसरा धरून ठेवतो, सुटलेल्याखाली कीड लागते आणि कळत नाही. एकच पंख सुटला तर ब्रिज हातात येतो. तो घेऊन यायचं, परत चिकटवून मिळतो. याला अट म्हणजे दात मिटल्यावर मागं पंखापुरती, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जागा हवी. मुलाला होती. खालचे दात वर टाळूपर्यंत चावत असते तर हा मार्ग बंद होता.

रिकामी जागा मोजली तर ८ मिमी, शेजारचा दात साडेआठ. अर्ध्या मिलिमीटरनं दात सरकले होते. यासाठी तारा लावायची गरज नव्हती; लॅबला दाताच्या कडांच्या उभ्या रेषा जरा बाहेरच्या अंगाला ठेवायला सांगितल्या की दात रुंद भासतो. रंग माप घेण्याआधीच, खिडकीच्या उजेडात पाहिला. तोंड उघडं राहून दात सुकला की पांढरट दिसतो, आणि त्या रंगावर केलेला दात नंतर बोर्डासारखा चमकतो. चिकटवताना थुंकी अडवायला दाताभोवती रबराचा पडदा (रबर डॅम) लावला, दाताला ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, पंखाची आतली बाजू ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या कणांच्या फवाऱ्यानं खरवडून चिकट धरणारा प्रायमर, मग चिकटवणारं रेझिन सिमेंट. या टप्प्यात थुंकीचा एक थेंब आत गेला तरी दात सुटणार. खर्च ९,०००.

उरले एकतीस हजार. मग आईच्या दाढेकडे वळलो.

दोन वर्षांत मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली होती आणि वरची दाढ जवळपास २ मिमी खाली उतरली होती. पुढची उपदाढ निखळ, एक डागसुद्धा नाही. तीन कॅपांचा ब्रिज आमच्या पट्ट्यात दवाखान्यानुसार बारा ते पंधरा हजारांत होतो आणि स्वस्त वाटतो. पण त्यासाठी ती निखळ उपदाढ चहूबाजूंनी घासायची. कललेली दाढ उपदाढेशी समांतर करताना दाढेच्या आतल्या नसेपर्यंत घासली जाण्याची शक्यता, म्हणजे रूट कॅनालचे आणखी चार हजार. ब्रिजखाली रोज बारीक ब्रश फिरवला नाही तर कीड उपदाढेच्या कॅपखाली शिरते, आणि एका दाढेची रिकामी जागा दोन-तीन दातांची होते. सगळ्यात स्वस्त म्हणजे दीड-दोन हजारांची काढघालीची प्लेट. तीही चालते, पण एका बाजूला अडकवलेली एका दाढेची चिमुकली प्लेट मी देत नाही. झोपेत किंवा घासाबरोबर ती गिळली जाऊ शकते, आणि साधं ॲक्रिलिक एक्स-रेवर दिसत नाही. प्लेट करायचीच तर जिभेखालून दुसऱ्या बाजूपर्यंत न्यायची.

इम्प्लांट खऱ्या अर्थानं आईलाच बसत होता. स्कॅनमध्ये हाडाची रुंदी ८ मिमी, जबड्यातून ओठाकडे जाणाऱ्या नसेच्या नळीपर्यंत उंची १३. म्हणजे साडेचार मिमी जाड आणि दहा मिमी लांब इम्प्लांट घातला तर दोन्ही अंगांना पावणेदोन मिलिमीटर हाड आणि नसेपासून ३ मिमी अंतर राहतं. दोनच्या आत गेलं तर ओठ बधिर होण्याची भीती.

अडचण पैशाची नव्हतीच. अक्का सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायच्या, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ टक्के आली. अशा हिरडीत आणि अशा साखरेत स्क्रू घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

"अक्का, मिश्री सुटली आणि साखर साडेसातच्या खाली आली, की मगच."

"मिश्री न्हाई सुटायची ओ." थोड्या वेळानं, "बगू."

तोवर दाढेची जागा तशीच ठेवली. उजव्या बाजूला सगळ्या दाढा शाबूत होत्या, चावायला अडचण नव्हती. दात फक्त साफ केले आणि मापाचे साचे घेऊन ठेवले, म्हणजे दाढ अजून कलते का ते नंतर ताडून बघता येतं. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळाच्या दंतमहाविद्यालयांत दर कमी पडतात, हेही सांगितलं. पण निपाणीहून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, फेऱ्या जास्त, आणि विड्या वळणाऱ्या बाईची एकेक फेरी म्हणजे दिवसाची मजुरी. ती रक्कमही उपचाराच्या खर्चातच धरायची असते, एवढंच माझं म्हणणं.

साखर ७.२ वर आली तेव्हा त्या परत आल्या. मिश्री पूर्ण सुटली नव्हती, सकाळची तेवढी राहिली होती. तीही शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर आणि नंतर दोन महिने बंद, या बोलीवर काम केलं. बधिर करून हिरडी उघडली, २ मिमीच्या ड्रिलपासून टप्प्याटप्प्यानं, गार सलाइन सोडत. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तर ते मरतं आणि स्क्रू जुळत नाही, म्हणून बोथट ड्रिल वापरून वाचवलेले पैसे महागात पडतात. शेवटी इम्प्लांट ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या पिळाला घट्ट बसला. तीन महिन्यांनी माप घेतलं, वरची उतरलेली दाढ किंचित घासून जागा केली, आणि स्क्रूनं बसणारी कॅप चढवली.

मुलाचे ९,०००, सफाईचे १,५००, स्कॅनचे २,०००, इम्प्लांट आणि कॅपचे २८,०००. एकूण ४०,५००, तेही दोन हप्त्यांत.

पावतीबरोबर इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर दिला. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. सीमेवरची माणसं आज निपाणीत, उद्या कोल्हापुरात, परवा बेळगावात दवाखाना गाठतात, आणि काही वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला तर तो पिळायला त्याच कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. स्टिकर नसेल तर पाच मिनिटांचं काम कॅप फोडण्यावर येतं. तुम्ही कुठंही इम्प्लांट बसवा, स्टिकर मागून घ्या.